शिंप्याचे कापड आणि मधल्याचा नफा

भाषांतराचे अथवा संगणकावरचे काम एकाने पत्करावे, ते दुसऱ्याकडून कमी मोबदल्यात करवून घ्यावे आणि मधला फरक स्वतःकडे ठेवावा, हा व्यवहार आज आपल्या कुटुंबांतही अपरिचित राहिलेला नाही. तो न्याय्य म्हणावा काय? इस्लामी धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला, आणि तोही शिंप्याचे उदाहरण घेऊन.

उस्मानी तुर्की साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी मतानुसार ‘मजल्ला’ ही संहिता सिद्ध झाली. भारतातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान याच मताचे. काम स्वहस्तेच करण्याची अट असेल, तर कारागिराने ते दुसऱ्यावर सोपवू नये. केवळ अंगरखा शिवण्यास सांगितले असेल, तर दुसऱ्याकडून शिवून घेण्यास हरकत नाही, असा तिचा निर्णय आहे.

मग नफ्याचा आधार कोणता? मधल्या माणसाने निदान कापड बेतण्याइतके तरी श्रम करावेत, असे काही शास्त्रकार म्हणतात. इतरांच्या मते काम तडीस नेण्याची जबाबदारी पुरेशी आहे. मात्र फसवणूक निषिद्ध, मजुरी आधी ठरलेली असावी आणि घाम वाळण्यापूर्वी ती हाती पडावी, ही शिकवण निःसंदिग्ध आहे.

आम्हांस वाटते, ग्राहकाने आपल्याच हातावर विश्वासून काम दिले असेल, तर अट कागदावर नसली तरी ती असतेच. तेथे मौन राखून मिळवलेला नफा शिंप्याच्या दुकानातही खोटा, आणि संगणकापुढेही खोटाच.