जुना कॅमेरा काय शिकवतो?

तुम्ही मोबाइलवर फोटो काढता तेव्हा काय होते? बोट टेकवले की चित्र समोर. आवडले नाही तर पुसायचे आणि पुन्हा काढायचे. आज मी तुम्हाला अशा एका कॅमेऱ्याची ओळख करून देणार आहे, की ज्यात फोटो काढल्यावर काहीच दिसत नाही. तो चांगला आला की वाईट, किंबहुना तो आला की नाही, हे फिल्म धुतल्यावरच कळते.

हा कॅमेरा मी जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतला. त्याचे नाव पेन्टॅक्स के-१०००. १९७६ ते १९९७ एवढा दीर्घ काळ हे मॉडेल तयार होत होते आणि छायाचित्रण शिकणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांचा तो पहिला कॅमेरा ठरला. त्यात गोल बटणासारखा एक छोटा सेल असतो. पण तो फक्त प्रकाशमापकासाठी. सेल काढून टाकला तरी फोटो निघतो, कारण बाकी सारे काम स्प्रिंगा आणि दातेरी चाके करतात. म्हणूनच भौतिकशास्त्र शिकणाऱ्याला हा कॅमेरा उघड्या पुस्तकासारखा आहे. मला मात्र त्याने आधी एक चपराक दिली आणि मग धडा शिकवला.

प्रकाशाची वाट

या प्रकारच्या कॅमेऱ्याला एसएलआर म्हणतात. त्यात पाहण्यासाठी आणि फोटो घेण्यासाठी एकच भिंग असते. भिंगामागे ४५ अंशांत एक आरसा बसवलेला असतो. भिंगातून आलेला प्रकाश तो वर वळवतो आणि तेथील दुधी काचेवर प्रतिमा पडते. भिंगापासून आरशामार्गे दुधी काचेपर्यंतचे अंतर आणि भिंगापासून फिल्मपर्यंतचे अंतर अगदी सारखे ठेवलेले असते. म्हणून काचेवर जे रेखीव दिसते, ते फिल्मवरही रेखीव उमटते.

भिंगाने उलटी केलेली प्रतिमा आरशामुळे वर-खाली सुलटी होते, पण तिचे डावे-उजवे उलटेच राहते. १९३६ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे तयार झालेल्या किने एक्झाक्टा या कॅमेऱ्यात वरून डोकावून पाहावे लागे, आणि डावीकडे धावणारा मुलगा त्यात उजवीकडे धावताना दिसे! पुढे १९४९ च्या कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्यात दुधी काचेवर पंचकोनी लोलक बसवला गेला. लोलकाच्या आतल्या परावर्तनांनी डावे-उजवेही जागेवर आले आणि कॅमेरा सरळ डोळ्याला लावता येऊ लागला.

आता गंमत पाहा. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, आणि मगच प्रकाश फिल्मकडे जातो. म्हणजे ज्या क्षणी फोटो निघतो, नेमक्या त्याच क्षणी आपल्या डोळ्यापुढे अंधार असतो. छायाचित्रकाराने टिपलेला क्षण त्याने स्वतः पाहिलेला नसतो.

दोन नियंत्रणे

फिल्मवर किती प्रकाश पडावा हे दोन गोष्टींवर ठरते: भोक केवढे आणि ते किती वेळ उघडे. भिंगावरच्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे असतात. भिंगाचे नाभीय अंतर भोकाच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. माझ्या भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर आहे. म्हणून २ वर भोकाचा व्यास २५ मिलिमीटर, ४ वर साडेबारा आणि १६ वर जेमतेम तीन. प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे २ च्या वर्गमुळाइतक्या पटीने मोठा आहे. असे का? प्रकाश भोकाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. एक पायरी चढली की प्रकाश बरोबर निम्मा होतो.

दुसरे नियंत्रण शटरचे. त्याच्या चकतीवर १ सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंत पायऱ्या आहेत. तेथेही प्रत्येक पायरीला वेळ सुमारे निम्मा. म्हणून भोक एक पायरी मोठे केले आणि वेळ एक पायरी कमी केला, तर हिशेब जुळतो.

पण स्प्रिंगेवर चालणारा पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडून मिटतो तरी कसा? खरे तर एक पडदा इतक्या चपळाईने उघडून मिटत नाही. फिल्मपुढे कापडाचे दोन पडदे असतात. पहिला पुढे धावतो आणि फिल्म उघडी करतो; ठरावीक वेळाने दुसरा त्याच्या मागे धावून ती झाकतो. ३६ मिलिमीटर रुंदीची चौकट ओलांडायला अशा पडद्याला सेकंदाचा सुमारे सत्तरावा भाग लागतो. १/१००० सेकंद हवा असेल, तर दुसरा पडदा पहिल्याच्या मागोमाग सुटतो आणि दोघांमध्ये उरते सुमारे अडीच मिलिमीटरची फट. ही फट फिल्मवरून सरकत जाते. फिल्मच्या प्रत्येक बिंदूला हजारावा भागच मिळतो, पण सर्व बिंदूंना एकाच वेळी नव्हे.

छत्तीस फोटो, आणि एकही नाही

आमच्या प्रयोगशाळेतले मामा निवृत्त होणार होते. एकतीस वर्षे त्यांनी मुलांच्या हाती उपकरणे दिली, जुळवली, पुसून कपाटात ठेवली. समारंभाचे फोटो इतरांनी मोबाइलवर काढलेच. पण मामा काम करताना कसे दिसतात, हे कोणी टिपले नव्हते. शेवटच्या प्रॅक्टिकलला मी माझा नवा-जुना कॅमेरा घेऊन गेलो. मोबाइल मुद्दाम टेबलाच्या खणात ठेवला. ध्वनिमापीची तार ताणणारे मामा, वर्णपटमापीची धूळ झटकणारे मामा, मुलीला हळूच तिची चूक दाखवणारे मामा. रोल छत्तीस फोटोंचा. गणकाने ३६ दाखवले तरी फिल्म पुढे सरकवण्याची दांडी आपली मुकाट फिरत होती. मी आणखी तीन फोटो काढले आणि तीन फुकट मिळाले म्हणून खूश झालो.

त्या संध्याकाळी मी फिल्म धुतली. कृष्णधवल फिल्मच्या जिलेटिनच्या थरात चांदीच्या हॅलाइड क्षारांचे बारीक कण असतात. प्रकाश पडलेल्या कणावर चांदीचे अगदी मोजके अणू मोकळे होऊन एकत्र जमतात. हे कसे घडते, याचा सिद्धान्त गर्नी आणि मॉट या शास्त्रज्ञांनी १९३८ साली मांडला. हा ठिपका डोळ्यांना दिसत नाही, पण विकसक द्रावण त्याच्या आधाराने पूर्ण कणाचे काळ्या चांदीत रूपांतर करते. उरलेले क्षार हायपोने विरघळवून टाकायचे. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ सालीच ओळखला होता.

डबा उघडला आणि मी पाहतच राहिलो. फिल्म काचेसारखी स्वच्छ होती. एकही मामा नाही!

यंत्र काय मोजते?

चूक कोठे झाली? विकसक खराब होता का? नाही. फिल्मच्या कडेला कारखान्यातच प्रकाशाने छापलेले आकडे असतात आणि तेही विकसकानेच दिसू लागतात. ते काळेभोर उमटले होते. मग शटर अडकले होते का? कॅमेऱ्याची पाठ उघडून बटण दाबले, तर पडदे व्यवस्थित पळाले. उरले एकच कारण. फिल्मचे टोक गुंडाळणाऱ्या रिळाच्या खाचेत नीट अडकलेच नव्हते. फिल्म जागची हलली नव्हती, आणि एकोणचाळीस फोटो तिच्या टोकावर एकावर एक पडले होते. ते टोक तर फिल्म भरतानाच उजेडाने काळे होण्याइतके उजळले होते.

पण मग गणक ३६ कसे दाखवत होता? मित्रांनो, येथेच खरा धडा आहे. गणक फिल्म मोजत नाही. तो दांडीचे फेरे मोजतो. फिल्म सरकली, असे मी समजत होतो.

मग मी कॅमेऱ्याचे इतर आकडेही याच दृष्टीने पाहू लागलो. प्रकाशमापकाचा काटा मध्यावर आला की आपण म्हणतो, प्रकाश बरोबर आहे. पण काटा फक्त समोरून परावर्तित होणारा प्रकाश मोजतो, आणि समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. समोर पांढरी भिंत असेल, तर त्याचे ऐकल्यास भिंत करडी येते. शटरच्या चकतीवर १ असे कोरलेले असते. पण ते मोजमाप नव्हे, कारखान्याने ठरवलेले उद्दिष्ट आहे. जुन्या यंत्रात वंगण घट्ट होते आणि सेकंदाचा सव्वा सेकंदही होऊ शकतो.

फिल्म खरोखर सरकते की नाही, हे सांगणारी वस्तू कॅमेऱ्यावर आहे. डाव्या हाताला फिल्म परत गुंडाळण्याची खुंटी असते. ती डब्यातल्या फिल्मच्या अक्षाला थेट जोडलेली आहे. आधी सैल फिल्म ताठ करून घ्यायची. मग दांडी ओढताना खुंटीही फिरली तर फिल्म सरकली, नाही तर नाही.

मामांचे अंगण

पंधरा दिवसांनी मी मामांच्या गावी गेलो आणि सारे कबूल केले. मामा हसले. म्हणाले, "सर, रीडिंग घेण्याआधी झीरो एरर बघायची, असं तुम्हीच पोरांना सांगता की." माझ्याकडे उत्तर नव्हते.

मामा अंगणात बसले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, मागे चुन्याची भिंत. काट्याने सांगितले त्यापेक्षा मी एक पायरी जास्त प्रकाश दिला. प्रत्येक फोटोनंतर दांडी ओढताना मामाच कॅमेऱ्याकडे वाकून पाहत आणि सांगत, "फिरली." सदतिसाव्या वेळी दांडी अडली. तेव्हा मी मनापासून आनंदलो. ताणलेली फिल्म "मी संपले" असे सांगत होती.

ते फोटो आले. प्रयोगशाळेतले मामा मात्र कायमचे निसटले.

करून पाहा

घरात किंवा शाळेत असा जुना कॅमेरा पडून असेल, तर मोठ्यांना विचारून हे प्रयोग करा.

१) कॅमेऱ्यात फिल्म नसल्याची खात्री करून पाठ उघडा. फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताठ धरा. भिंगाचे भोक पूर्ण उघडा, शटर 'बी' या खुणेवर ठेवा आणि खिडकीकडे रोखून बटण दाबून धरा. कागदावर खिडकी उलटी दिसेल. पडद्याला बोट लावू नका. कॅमेरा सूर्याकडे कधीही रोखू नका.

२) शटर १ सेकंदावर ठेवून त्याचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. ध्वनीचा आलेख दाखवणाऱ्या ॲपमध्ये दोन टोके दिसतील. त्यांतील अंतर मोजा. मग १/२ आणि १/४ सेकंदाचे मोजा. चकती खरे बोलते का, ते वहीत लिहा.

आणि कोणतेही उपकरण हाती घेतले, मग तो थर्मामीटर असो, वजनकाटा असो की मोबाइल, स्वतःला एक प्रश्न विचारा: हे नेमके काय मोजत आहे, आणि मी काय समजत आहे?