इंजिनातून काय काढावे?

एखाद्या यंत्रात नवे भाग बसले म्हणजे ते सुधारले, अशी आपली एक भाबडी समजूत असते. त्यातले चार भाग काढून टाकले म्हणजे ते सोपे आणि भरवशाचे झाले, ही तिचीच दुसरी बाजू. मोटारीच्या हौशी मंडळींमध्ये ही दुसरी समजूत विशेष आढळते. रस्त्यावर चालण्यासाठी बांधलेली मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर न्यावयाची झाली, की तिच्या इंजिनातील 'अनावश्यक' भाग काढण्याचा उद्योग सुरू होतो. हा उद्योग केव्हा शहाणपणाचा ठरतो आणि केव्हा घातक, याचा विचार एका प्रसिद्ध इंजिनाच्या आधारे करू या.

प्रथम टर्बोचार्जर म्हणजे काय ते पाहू. इंजिनाची शक्ती ते किती हवा आत घेते यावर अवलंबून असते. कारण हवा जितकी अधिक, तितके अधिक इंधन जाळता येते. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एरवी फुकटच जातो. त्याच्या वाटेत एक लहानसे पात्यांचे चक्र बसवावयाचे, त्याच आसावर दुसरे चक्र जोडावयाचे, आणि त्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावयाची, एवढीच ही कल्पना. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. तिच्यात एक अडचण मात्र आहे. इंजिन मंद चालत असता बाहेर पडणाऱ्या वायूला जोर नसतो; त्यामुळे चालकाने पाय दाबला तरी शक्ती यावयास काही क्षणांचा विलंब लागतो. चक्र लहान केले तर ते लवकर वेग घेते, पण पुढे त्याची हवा अपुरी पडते. मोठे केले तर हवा भरपूर मिळते, परंतु त्याला जाग यावयास वेळ लागतो.

हिरोशिमा येथील माझ्दा कंपनीने या पेचातून काढलेला मार्ग मोठा कल्पक होता. तिची आरएक्स-७ ही मोटार तिसऱ्या अवतारात १९९१ ते २००२ या काळात तयार होत होती. तिचे इंजिन व्हँकेल पद्धतीचे. त्यात खालीवर होणारा दट्ट्या नाही. त्याऐवजी त्रिकोणी आकाराचे दोन रोटर गोल फिरतात. प्रत्येक रोटरच्या कक्षेचे आकारमान अवघे ६५४ घन सेंटिमीटर. एवढ्याशा इंजिनातून आरंभी २५५ आणि पुढे १९९९ पासून काही मोटारींत २८० अश्वशक्ती मिळे. त्यासाठी एकाऐवजी दोन टर्बोचार्जर बसविलेले होते, आणि ते पाळीपाळीने कामाला लागत. मंद गतीला पहिला एकटाच राबे. मिनिटाला सुमारे साडेचार हजार फेऱ्यांच्या आसपास दुसरा त्याच्या साहाय्यास येई. चालकाला विलंब जाणवू नये, हा सारा उद्देश.

तथापि हे हस्तांतर सुरळीत व्हावे म्हणून कितीतरी झडपा, त्या उघडणारी विजेवर चालणारी लहान यंत्रे, आणि त्यांना दाब किंवा निर्वात पोहोचविणाऱ्या रबरी नळ्यांचे एक जाळेच्या जाळे इंजिनावर पसरावे लागले. इंजिनाची उष्णता मोठी. तिने कालांतराने रबर कडक होते व त्याला चिरा पडतात. एक नळी निसटली तरी दुसरा टर्बोचार्जर वेळेवर येत नाही, आणि दोष नेमका कोठे आहे हे शोधता शोधता यंत्रज्ञ थकून जातो.

आता ट्रॅकवरील स्थिती पाहा. तेथे गर्दी नाही, सिग्नल नाही, बैलगाडीमागून रांगणे नाही. चालक इंजिनाला सतत वरच्या गतीतच ठेवतो. अर्थात मंद गतीत विलंब होऊ नये, हा प्रश्न तेथे बहुतांशी उद्भवतच नाही. मग त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून बसविलेली यंत्रणा तरी कशाला वागवावी? म्हणून कित्येक मालक दोन्ही टर्बोचार्जर पहिल्यापासून एकत्रच चालतील अशी व्यवस्था करतात, किंवा दोन्ही काढून एकच मोठा बसवितात. बहुतेक नळ्या जातात, दोष शोधणे सुलभ होते. खालच्या गतीतील जोर कमी होतो, पण ती किंमत जाणूनबुजून दिलेली असते. येथवर हे खरे सुलभीकरण होय.

पण हात एकदा सुरू झाला की थांबत नाही. वायूला अडथळा होतो म्हणून त्याच्या वाटेतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि मूळ सायलेन्सर काढतात. वाट मोकळी झाल्याने टर्बोचार्जर अधिक जोराने फिरू लागतो. जादा वायू बाजूने सोडणारी मूळ झडप त्याला अपुरी पडते, आणि हवेचा दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे चढत जातो. इंधन त्या प्रमाणात वाढले नाही तर मिश्रण अवेळी पेट घेते. या धक्क्यांनी रोटरच्या टोकांवरील बारीक पट्ट्या तुटतात, आणि इंजिन निकामी होते. दुसरे उदाहरण तेलाचे. या इंजिनात एक लहान पंप थोडे थोडे तेल मुद्दाम आत सोडतो. त्या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून. तो पंप काढावयाचा तर पेट्रोलमध्ये मोजून तेल मिसळण्याचे व्रत घ्यावे लागते. भाग गेला, पण काम गेले नाही. ते यंत्राकडून माणसाकडे आले, इतकेच.

याच कंपनीचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. आरएक्स-७ चा तिसरा अवतार ज्या वर्षी आला, त्याच वर्षी, २३ जून १९९१ रोजी, माझ्दाच्या ७८७बी या मोटारीने फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. ती जिंकणारी ही पहिली जपानी कंपनी. त्या मोटारीच्या चार रोटरच्या इंजिनाला टर्बोचार्जर मुळी नव्हताच! पण म्हणून ते इंजिन साधे होते असे नव्हे. हवा आत नेणाऱ्या नळ्यांची लांबी इंजिनाच्या गतीप्रमाणे कमीजास्त होई, आणि प्रत्येक रोटरला दोनऐवजी तीन ठिणगी-प्लग होते. शर्यतीने जेथे प्रश्न विचारला, तेथे अभियंत्यांनी गुंतागुंत आनंदाने पत्करली. जेथे विचारला नाही, तेथे एक स्क्रूही ठेवला नाही.

सरकारी नियमावलीशी ज्याचा रोजचा संबंध येतो, त्याला हे ओळखीचे वाटेल. अर्जातील प्रत्येक निरर्थक वाटणाऱ्या रकान्यामागे कधीकाळी घडलेली एखादी तक्रार किंवा अफरातफर दडलेली असते. रकाना खोडण्यापूर्वी ती तक्रार आता संभवते की नाही, हे पाहावे लागते. आणि तक्रार नेहमी अर्जदाराचीच असते असेही नाही.

कन्व्हर्टरचे असेच आहे. तो चालकाच्या सोयीसाठी नाही. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसांसाठी आहे. चेन्नईजवळच्या किंवा कोइम्बतूरजवळच्या बंदिस्त ट्रॅकवर मोटारीत काय ठेवावयाचे, हे त्या शर्यतीचे नियम ठरवितात. सार्वजनिक रस्त्यावर मात्र आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल करण्यास मनाई करते. तेव्हा हातात पाना घेतलेल्या प्रत्येकाने एवढेच विचारावे: हा भाग कोणाच्या प्रश्नाचे उत्तर आहे? तो प्रश्न आपला असेल आणि उरला नसेल, तर भाग खुशाल काढावा. दुसऱ्याचा असेल, तर पाना पुन्हा पेटीत ठेवावा.