सालईचा डीक आणि झिजलेले गुडघे

रायपूरच्या समता कॉलोनीत, किंवा महाराष्ट्र मंडळामुळे मराठीचा राबता असलेल्या जवळच्या चौबे कॉलोनीत, साठी ओलांडलेली मंडळी एकत्र बसली की गुडघ्यांचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. पाटावरून उठताना जमिनीला टेकवावा लागणारा हात आणि जिना उतरताना कठड्यावर पडणारा सारा भार, ही लक्षणे वैद्याने सांगण्यापूर्वीच त्यांना तोंडपाठ झालेली असतात. आयुर्वेदात जिला संधिगत वात म्हणतात, त्या व्याधीत सांध्यातील कूर्चा झिजते, आणि झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध अद्याप कोणत्याही वैद्यकपद्धतीच्या हाती आलेले नाही. गुडघेदुखीवरील वनौषधींचे मोल ठरवायचे ते ही वस्तुस्थिती मान्य करूनच.

या वनौषधींपैकी जिच्या बाजूने बरा पुरावा आहे ती सालई, अर्थात शल्लकी, आपल्याच मुलखातली. विदर्भापासून छत्तीसगढपर्यंतच्या कोरड्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या या वृक्षाच्या सालीला खाच पाडली असता जो सुगंधी, चिकट डीक पाझरतो, त्यातील बॉस्वेलिक आम्ले शरीरात दाह उत्पन्न करणाऱ्या एका विकराला पायबंद घालतात. नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी या डिकाची रीतसर परीक्षा घेऊन तिची हकीकत 2003 साली प्रसिद्ध केली. गुडघेदुखीच्या 30 रुग्णांपैकी निम्म्यांना आठ आठवडे सालईचा अर्क व निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली कुपी देण्यात आली आणि पुढे दोन्ही गटांची अदलाबदल झाली. अर्क घेत असताना वेदना कमी झाली, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचा पल्ला वाढला. मात्र क्ष-किरणचित्रात काहीच पालट दिसला नाही. अर्काच्या गुणाइतकीच ही मर्यादाही संशोधकांनी नमूद केली, म्हणून मला हा छोटासा प्रयोग अनेक भपकेदार जाहिरातींहून अधिक विश्वसनीय वाटतो.

पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालई यांच्या अर्कांपासून केलेल्या योगांची परीक्षा याहून मोठ्या प्रमाणावर, 440 रुग्णांवर, 24 आठवडे केली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वेदनाशमनात हे योग सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक व सांध्यांसाठी दिले जाणारे ग्लुकोसामाइन यांच्या तोडीचे ठरले. परंतु काही रुग्णांच्या रक्ततपासणीत यकृताचे एक विकर वाढलेले आढळले आणि औषध थांबविल्यावर ते उतरले. वनस्पतीपासून झालेले ते निरुपद्रवी, ही समजूत खोडायला एवढा दाखला पुरेसा आहे.

असे अर्क दुकानात पूरक आहार म्हणूनही मिळतात; त्या बाटलीवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असा मजकूर कायद्याने छापावा लागतो, तो चष्मा लावून अवश्य वाचावा. गुडघेदुखीवर घेतला जाणारा हळदीचा अर्क मिऱ्याच्या सत्त्वासह घेतल्यास अधिक शोषला जातो, पण तेच सत्त्व इतर औषधांचेही रक्तातील प्रमाण बदलू शकते. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज असे काहीही सुरू करू नये.

आणि सालईने वेदना खरोखरच उतरली, तर त्या सवडीत खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ ताणून धरण्याचा, मांडीच्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम रोज करावा व वजन थोडे उतरवावे, कारण गुडघ्यावरचा भार हलका होतो तो यांनीच.