वाळूवरच्या वळ्या

ओहोटीच्या वेळी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर गेल्यास एक नवल पाहावयास मिळते. वर्सोवा हे नाव नकाशातले. तेथील कोळी आपल्या गावाला वेसावे म्हणतात, आणि ओहोटीला सुकती. सुकती लागून पाणी मागे हटले की ओल्या पुळणीवर जागोजागी वाळूच्या वळ्या उमटलेल्या दिसतात. एकीशेजारी एक, जवळजवळ सारख्या अंतरावर, जणू कोणी फणीच फिरवली आहे! वाळूचा कण तर निर्जीव. मग ही शिस्त त्याला लावली कोणी?

बर्फ शून्य अंश तापमानाला वितळतो व त्याचे पाणी होते. अशा बदलास अवस्थांतर म्हणतात. झालेले पाणी पाणी म्हणून राहावे, यासाठी ते कोणी ढवळीत बसावे लागत नाही. ते आपल्या ठिकाणी समतोल असते. वळ्यांचे तसे नाही. निश्चल पाण्याखालची सपाट वाळू सपाटच राहील. लाटा पाण्याला सतत मागेपुढे झुलवीत असतात, त्यांची ऊर्जा वाळूला अखंड मिळत असते, तेव्हाच वळ्या घडतात. हेही एक अवस्थांतरच. पण समतोलापासून फार दूर घडणारे.

पाणी मंदपणे हलत असेल, तर कण जागचा ढळत नाही. वेग थोडा वाढला, तरी नाही. परंतु एक मर्यादा ओलांडली की कण लोळू लागतात. कोठेतरी चिमूटभर वाळू उंच राहते. तिच्यावरून पाणी गेले की पलीकडच्या बाजूस लहानसा भोवरा उठतो. तो खळगा कोरतो आणि निघालेली वाळू उंचवट्यावर चढवितो. पाणी उलट फिरले की हेच काम दुसऱ्या बाजूने होते. उंचवटा वाढला की भोवरा बळावतो, आणि भोवरा बळावला की उंचवटा आणखी वाढतो. तळाशी पाण्याचा झोका जितका लांब, तितक्या वळ्या एकमेकींपासून दूर. मात्र समुद्र फारच खवळला, तर दुसरी मर्यादा ओलांडली जाते. वाळूचा थरच्या थर वाहू लागतो आणि तळ पुन्हा सपाट होतो.

या भोवऱ्यांचा पाठपुरावा इंग्लंडमधील हर्था एर्टन या विदुषींनी केला. 1902 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी त्यांचे नाव सुचविले गेले. पण विवाहित स्त्रीला सभासद होता येत नाही, असे सांगून ते नाकारण्यात आले. बाई खचल्या नाहीत. 1904 साली त्याच संस्थेपुढे त्यांनी वाळूच्या वळ्यांवरील आपला निबंध स्वतः वाचला. तेथे असा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. 1906 साली संस्थेने त्यांना पदक दिले. सभासदत्व मात्र कधीच दिले नाही!

त्यांनी काचेच्या भांड्यांत वाळू व पाणी घालून ती झुलविली होती. तुम्हांलाही हे करता येईल. सपाट बुडाच्या भांड्यात बारीक वाळूचा पातळ थर पसरा, वर पाणी ओता आणि भांडे एका लयीत मागेपुढे हलवा. प्रथम अगदी हळू. मग थोडे जोराने. कोणत्या झोक्याला पहिला कण हलला, तिकडे लक्ष असू द्या. वळ्या दिसू लागल्या की हात थांबवा. कण असतील तेथेच थबकतील, आणि किनाऱ्यावर सुकतीनंतर दिसतो, तसाच ठसा बुडाशी राहील.