विनंती अर्ज पोस्टानं पाठवायचा की ईमेलनं? आधी ‘पोच’ बघा

सातबारा, उत्पन्नाचा दाखला यासाठी ऑनलाइन सोय आहे. रकाने भरले की काम सुरू. पण शाळा साडेपाचला सुटते आणि गावची एसटी पाचलाच निघून जाते, तेव्हा पोरींनी अंधारात चालत यायचं का? “गाडी पाऊण तास उशिरा सोडा”, “आमच्या फाट्यावर विनंती थांबा द्या” अशा मागणीला तयार फॉर्म नसतो. ती आपणच लिहून द्यावी लागते.

तरुण पोरं म्हणतात, मेल टाका अन् मोकळे व्हा. जुनी माणसं म्हणतात, कागदच पाहिजे. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. खरा प्रश्न वेगळाच. उद्या साहेब म्हणाले, “आमच्याकडं काहीच आलं नाही,” तर दाखवायला तुमच्या हातात काय आहे?

ईमेल कधी?
घाई असेल, कार्यालय लांब असेल किंवा फोटो जोडायचे असतील तर ईमेल बरा. परीक्षा आठ दिवसांवर आली असेल, तर आजच मेल करा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार इलेक्ट्रॉनिक मजकुरालाही कायद्याची मान्यता आहे. तारीख-वेळ आपोआप नोंद होते आणि एकाच वेळी वरच्या अधिकाऱ्यालाही प्रत जाते.

पण मेल गेला म्हणजे वाचला असं नाही. पत्त्यात एक अक्षर चुकलं तर बहुतेक वेळा मेल न पोचल्याचा निरोप परत येतो, तो बघा. दोन दिवसांनी फोन करून आवक क्रमांक मागा.

पत्र कधी?
पालकांच्या सह्या, अंगठे, ग्रामपंचायतीचा शिक्का मारलेला ठराव असं काही जोडायचं असेल तर कागदाला वजन येतं. अर्जासोबत फी लागत असेल तरी कागद सोपा. उदाहरणार्थ, माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवता येतं.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये मिसळली आहे. त्यामुळं खिडकीवर स्पीड पोस्टच मागा. पावतीवर १३ अक्षर-अंकांचा नंबर असतो. तो टाकला की पत्र कुठवर गेलं ते मोबाईलवर दिसतं. पावतीची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून लगेच फोटो काढून ठेवा. पाकिटात घालण्याआधी अर्जाच्या पानांचेही फोटो काढा.

तालुक्याला जाणं होणारच असेल तर पोस्टाचा खर्चही नको. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक-जावक टेबलावर द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. यापेक्षा पक्की पोच नाही.

एसटीच्या मागणीसाठी काय करावं?
दोन्ही करा. आज आगार व्यवस्थापकांना ईमेल करा, विभाग नियंत्रकांना प्रत द्या. मग मुख्याध्यापकांचं पत्र, ग्रामपंचायतीचा ठराव आणि पालकांच्या सह्या जोडून तोच अर्ज कागदावर पाठवा. त्यात “दि. अमुक रोजी ईमेल केला आहे” हे लिहायला विसरू नका. नाहीतर एकाच मागणीच्या दोन फायली व्हायच्या.

अर्जात काय लिहावं?
विषय एका ओळीत. मागणी एकच. किती मुलं-मुली, कोणता मार्ग, आताची वेळ, हवी असलेली वेळ, एवढं आकड्यांत. “त्वरित योग्य ती कार्यवाही व्हावी” एवढ्यावर भागत नाही. शेवटी नाव, पत्ता, मोबाईल नंबर.

तारीख का जपायची?
तहसील, बांधकाम विभाग अशा शासकीय कार्यालयांना दप्तर दिरंगाई कायदा लागू आहे. त्यानुसार साधारणपणे एका कर्मचाऱ्याकडं फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. पण हे दिवस मोजायचे तर अर्ज कधी पोचला ते सिद्ध करता आलं पाहिजे. पोच नसेल तर मोजणी सुरूच होत नाही.

म्हणून अर्ज, पावती आणि मेल यांचे फोटो गावातल्या दोन-तीन जणांच्या मोबाईलमध्ये ठेवा. एकाचा फोन बिघडला तरी गावाची मागणी शाबूत राहते.