रेड वाईन हृदयाला चांगली?

पळसदरीच्या माझ्या दवाखान्यात रक्तदाबाचे रुग्ण हल्ली हमखास विचारतात, "डॉक्टर, रोज एक ग्लास रेड वाईन हृदयाला चांगली ना?" बंगल्यावर सुट्टीला आलेला मुंबईचा पाहुणा तसे सांगून गेलेला असतो.

या समजाचे मूळ फ्रान्समध्ये आहे. लोणी-चीज भरपूर खाऊनही फ्रेंचांना हृदयविकार कमी, याचे श्रेय सर्ज रेनो या शास्त्रज्ञाने १९९२ साली वाईनला दिले. पुढे अशा अभ्यासांतील उणिवा दिसल्या. बेताने पिणारे बहुधा मुळातच सुखवस्तू असतात, तर न पिणाऱ्यांत आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले जातात. मद्याने कर्करोगही होतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये बजावले की, मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही.

वाईन ही दारूच. इटलीची कियांती साधारण १३ टक्के, कॅलिफोर्नियाची कॅबरने बहुधा १४ टक्क्यांवर. १५० मिलिलिटरच्या ग्लासात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल जाते.

नाशिकच्या वाईनरीत चव पाहायला जाणार असाल, तर ध्यानात ठेवा: जाणकार घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात. उपाशीपोटी घेऊ नका, नंतर गाडी चालवू नका. इन्सुलिन वा मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर साखर एकदम उतरते. झोपेच्या गोळीबरोबर श्वास मंदावतो. गरोदर स्त्रिया व यकृताच्या रुग्णांनी स्पर्शही करू नये.

काळ्या द्राक्षाच्या सालीतील रंगद्रव्यांच्याच जातीची द्रव्ये आपल्या रानातल्या जांभळा-करवंदांत असतात. ती खुशाल खा. न पिणाऱ्याने औषध म्हणून वाईन मुळीच सुरू करू नये. हृदयासाठी रोज अर्धा तास चाला, तंबाखू सोडा, रक्तदाबाची गोळी चुकवू नका.