आडात असेल तेच बाटलीत यावे

पावसाळा सरत आला की विहिरी तुडुंब भरतात. पाणी वर आलेले, नितळ, गार. वाकून पाहिले तर तोंड दिसावे असे. अशा पाण्याला कोणी नावे ठेवली तर आपण त्याला वेड्यात काढू. परंतु नेमके ह्याच दिवसांत जुलाब, कावीळ, विषमज्वर घरोघरी डोके वर काढतात. मग आपण दोष देतो हवेला, नाही तर बाजारातल्या खाण्याला. विहिरीकडे बोट दाखवण्याचे कोणाच्या मनात येत नाही, कारण पाणी स्वच्छ दिसते. वाचकहो, स्वच्छ दिसणे निराळे आणि शुद्ध असणे निराळे.

हा फरक सांगणारा एक माणूस आहे. खांद्याला बर्फाची पेटी, पिशवीत बाटल्या आणि खिशात वही घेऊन तो गावोगाव फिरतो. सरकारी कागदांत त्याला पर्यावरण तंत्रज्ञ, क्षेत्र सहायक, प्रयोगशाळा सहायक अशी नावे आहेत; गावात तो नुसता ‘पाणी तपासणारा’. आता ह्या कामात मुलीही आहेत. डॉक्टरला सगळे ओळखतात. पण साथ येण्याआधीच ती अडवणाऱ्या ह्या माणसाची कोणी फारशी विचारपूस करीत नाही. म्हणून आज त्याच्या कामाची थोडी ओळख करून घेऊ.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. ह्या धंद्यात ती थोडी वाढवून घ्यावी लागते. आडात जे नाही ते बाटलीत येता कामा नये, आणि आडात जे आहे ते वाटेत हरवता कामा नये. प्रयोगशाळेतले यंत्र कितीही महागाचे असो, ते तपासते फक्त बाटलीतले पाणी. बाटली चुकली की निकाल चुकला, आणि चुकलेल्या निकालाच्या भरवशावर घरातली मुले पाणी पितात.

पुष्कळ जण औषधाची जुनी बाटली विसळून तीत पाणी भरतात, दोन दिवस फडताळात ठेवतात आणि मग तपासायला पाठवतात. जंतूंच्या तपासणीसाठी असे पाणी निरुपयोगी होय. बाटली निर्जंतुक लागते. ती १२१ अंश सेल्सियस वाफेत १५ मिनिटे ठेवलेली असते. नळ धातूचा असेल तर तंत्रज्ञ त्याचे तोंड ज्योतीने शेकतो आणि पाणी दोन-तीन मिनिटे वाहू देतो. उघड्या विहिरीत वजन बांधलेली बाटली काठाला न लागू देता पाण्याखाली सोडतो. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावत नाही. नंतर बाटली बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत आणि फार तर चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोहोचवतो. कारण उबेत काही जंतू वाढतात, काही मरतात, आणि मूळ विहिरीची गोष्ट बदलून जाते. पाण्यात क्लोरीन असेल तर बाटलीत आधीच थायोसल्फेट घातलेले असते. नाही तर क्लोरीन वाटेतही जंतू मारीत राहील आणि आपण प्यालो त्यापेक्षा शुद्ध पाणी कागदावर दिसेल.

नदीचे काम आणखी नाजूक. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा तर बाटलीत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये, आणि रसायने नदीकाठीच घालावी लागतात. विंक्लर नावाच्या हंगेरियन शास्त्रज्ञाने १८८८ साली शोधलेली ही रीत आजही चालते. रसायने घातल्यावर तपकिरी साका धरला तर प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर त्या पाण्यात मासळीचे दिवस भरले असे समजावे. साखर कारखान्याचे किंवा मद्यार्काच्या भट्टीचे मळीचे पाणी प्रक्रियेविना ओढ्यात आले की असे घडते. कारण ती घाण कुजवताना जंतू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात.

येथे कायद्याचीही गाठ आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना खटल्यासाठी घ्यायचा तर मालकाला तशी सूचना द्यावी लागते. त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करून ते मोहोरबंद करावे लागतात आणि त्यांवर दोघांच्या सह्या लागतात. ही रीत पाळली नाही तर तो निकाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. ओढा काळा पडलेला सगळ्या गावाने पाहिला असला, तरी एका बाटलीच्या हेळसांडीने खटला ढासळू शकतो. नमुना ही पाण्याची साक्ष आहे, आणि खोटी साक्ष कोठेही खोटीच. जागेवर न जाता वहीत आकडे भरणारा तंत्रज्ञ लाच न घेताही लोकांचा घात करतो.

आता आपल्या विहिरीचे पाहू. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारे कोलाय जंतू एकही नसावेत. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत असावे. फ्लोराइड १ मिलिग्रॅमच्या आत असावे. दुसरे पाणी मिळत नसेल तर फार तर दीड. शेतात युरिया गरजेपेक्षा अधिक पडला, किंवा उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीला चिकटून असला, की नायट्रेट झिरपत खाली जाते. त्याला रंग नाही, वास नाही. अशा पाण्यात वरचे दूध कालवून दिले तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळसर पडते. हे पाणी उकळून उपयोग नाही. पाणी आटते, नायट्रेट मागे राहते आणि अधिकच दाट होते. म्हणूनच आधी तपासणी, मग उपाय.

जंतूंच्या तपासणीचा एक सोपा मार्ग ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली जगापुढे मांडला. लहान बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरून ती रात्रभर उबेत ठेवावी. पाणी काळे झाले तर विष्ठेचा संसर्ग असल्याचा संशय धरावा. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन योजनेत प्रत्येक गावातील पाच महिलांना अशा तपासण्या शिकवण्याची तरतूद झाली. त्या कोण आहेत, हे आपल्या ग्रामपंचायतीत विचारावे.

संसर्ग आढळला तर विहिरीत ब्लीचिंग पावडर घालावी. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणून ४ ने भागावे. तितके हजार लिटर पाणी. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर सुमारे २८ हजार लिटर होते. हजार लिटरला अडीच ग्रॅम ह्या हिशेबाने ७० ग्रॅम चांगली, ताजी पावडर लागते. ती बादलीत कालवून दहा मिनिटे निवू द्यावी. वरचे नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडावी आणि वरखाली हलवावी. खालचा चुना विहिरीत टाकू नये. त्यानंतर निदान एक तास पाणी पिऊ नये. परंतु संडास विहिरीपासून निदान १५ मीटर दूर नसेल तर ही मलमपट्टी फार दिवस पुरणार नाही. गोव्याकडच्या सच्छिद्र जांभ्या दगडात तर घाण लवकर झिरपते. तेथे अंतर आणखी ठेवलेले बरे.

शाळा संपवून काय करावे, असा प्रश्न घरात असेल तर ह्या कामाचा विचार जरूर व्हावा. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र घेऊन पदवी मिळवणारे ह्यात येतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून प्रयोगशाळा सहायकाचा अभ्यासक्रम करणारेही येतात. रंग ओळखणारे डोळे, स्वच्छ हात आणि काटेकोर वही हवी. काम उन्हातान्हाचे असते आणि धोकाही असतो. गटाराच्या भुयारी खड्ड्यातील सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू जास्त झाला की नाक बधिर करतो. वास थांबला म्हणजे धोका टळला, असे मानून आत उतरणारा परत येत नाही. नमुना वरूनच, दोरीने घ्यावा.

पगार बेताचा असेल, मान त्याहून बेताचा. पण ज्या विहिरीवर ‘हे पाणी पिऊ नका’ अशी पाटी वेळेवर लागली, त्या विहिरीमुळे कोणते मूल आजारी पडायचे राहिले हे कधीच कळत नाही. न कळणारे हे पुण्यच त्या माणसाची कमाई.

आपण एवढे करावे: जंतूंसाठी वर्षातून दोनदा, त्यांतले एकदा पावसाळ्यानंतर, आणि क्षारांसाठी एकदा पाणी तपासून घ्यावे. तपासणारा दारी आला तर त्याला आधी विहिरीकडे न्यावे. चहा नंतर द्यावा. तोही तपासलेल्या पाण्याचा.